एका द्राक्षाचे चार भाग

पिंपळगावहून मेव्हण्यानं पेटी पाठवली.
हर्षला म्हणाली, अख्खं द्यायचं नाही हं तिला,
घशात अडकतं.
आधी उभं कापायचं, मग परत उभं.

मी अंबडच्या कारखान्यात शाफ्टचा व्यास मोजतो.
पाच मायक्रॉन इकडेतिकडे झाले की सगळा माल परत येतो.
पण हे ओलं, हिरवं, बोटांतून निसटणारं,
याला धरायला कुठला शिकंजा आणू?
सुरी टेकवली की ते टेबलाखाली पळतं
आणि त्याच्यामागे शर्वी, रांगत,
चालता येत असूनही.
मी हात घालतो तर हाताला लागते
तिची टाच.

वय एकोणीस महिने. दात अकरा.
शब्द सात, त्यातला एकच रोज कामाला येतो:
संपलं.
वाटीतला भात संपला, बरोबर.
पावणेआठला नळ गेला, बादली अर्धी असताना,
संपलं. तेही बरोबर.
त्रिमूर्ती चौकात बस वळली, संपलं.
मांजर भिंतीपलीकडे उतरलं, संपलं.
ठेतेकाकूंनी दार लावून घेतलं,
काकू संपलं.
सांगताना दोन्ही तळहात उताणे करते,
दुकान बंद करून निघालेल्या माणसासारखी,
काही उधारी नाही, काही शिल्लक नाही.

रविवारी सटाण्याहून आजीचा व्हिडिओ कॉल.
"काय करी ऱ्हायनी व माय?"
पडद्यावर आजीचं अर्धं कपाळ
आणि बाकी सगळा छताचा पंखा.
शर्वी पंख्याला पापी देते.
मग रेंज गेली.
आजी संपलं, शर्वी म्हणाली. तळहात उताणे.

मी हसलो. हर्षला नाही हसली.
तिनं कुकरखालचा गॅस बंद केला,
फोन लावला, परत लावला,
आणि उचलल्यावर विचारत राहिली,
बीपीची गोळी घेतली का, भाजी कसली केली होती,
शेजारच्यांची म्हैस व्याली का,
असलं काहीही, पंधरा मिनिटं.
शर्वीनं मध्येच पडद्यावर बोट ठेवलं
आणि जराही न ओशाळता म्हणाली: आजी.

रात्री झोपत नाही म्हणून गच्चीवर नेतो.
पांडवलेणीचा डोंगर दिसत नाही तेव्हा,
पायथ्याशी हायवेचे दिवे तेवढे सरकतात.
ती प्रत्येक ट्रकला टाटा करते,
एकालाही वगळत नाही.
चौतिसाव्या ट्रकला मान माझ्या खांद्यावर पडली.
पस्तिसावा आपला आपण गेला.
मी तरी हात हलवला, उगाच,
कुणीतरी करायला हवं म्हणून.

पहिल्या पाळीला पहाटे सव्वापाचला उठतो.
कडी थोडी वर उचलून ओढली की वाजत नाही,
हे शिकायला मला आठ महिने लागले.
मोजे अंधारात, बूट अंधारात,
गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत,
तिथे कीक.

गेटवर उतरलो तर डाव्या बुटात काहीतरी मऊ.
बाकावर बसून बूट काढला.
द्राक्षाचा एक चतुर्थांश, चपटा,
मोज्याला चिकटलेला.
मला दिलेला की माझ्यापासून लपवलेला,
हे सांगणारा शब्द त्या सातांत नाही.
मागून कुणी म्हणालं, काय रे, खडा?
हो म्हणालो.
रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.
घरी नेऊन दाखवायचा होता,
बघ, कुठे फिरून आला.

जेवणाच्या सुट्टीत रुमाल उघडला: मुंग्या.
एक साल उरली होती, तीही वाऱ्यानं गेली.
तळहात आपोआप उताणे झाले, दोन्ही.
समोर खैरनार डबा उघडून बसला होता.
त्याला वाटलं, मी मागतोय.
काही न बोलता त्यानं
अर्धी भाकरी ठेवली हातावर,
वर ठेचा.